पूर्ण वाक्यात सांग!

मी सारा जन्म इंग्रजी शिकवलं, आणि ज्या गावात शिकवलं तिथे इंग्रजीतून कुणी कुणाला गडूभर पाणीसुद्धा मागितलं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याला वाळवंटात मास्तर नेमावं, तशी माझी नेमणूक. पाण्याला मात्र आमच्याकडे तोटा नाही बरं का. गोंदिया जिल्ह्यात सौंदडच्या पुढे जाल तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बांध्यांच्या डोक्याशी तलाव. तोटा होता तो इंग्रजी कानावर पडण्याचा. पोरं पेपरातल्या गाळलेल्या जागा भरायची, पास व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी ती भाषा दप्तरासकट खुंटीला टांगायची. पुढे त्यांतलं कुणी ट्रॅक्टर चालवायला लागलं, कुणी किराण्याचं दुकान घातलं. भेटली की वाकून पाया पडायची, "तुमच्यामुळं जी मॅडम" म्हणायची, पण म्हणायची ती आपल्या झाडीबोलीत.

एकदा तरी, आपण शिकवलेलं इंग्रजी कुणाच्या कामी येताना आपल्या कानांनी ऐकावं, अशी मला भूक होती. निवृत्त झाले, नातवंडं झाली, दात गेले, तरी ती भूक काही जाईना.

आधी त्या काळच्या मला भेटा. गोंदियाची पोरगी: घरात मराठी, गल्लीत हिंदी, डोक्यात इंग्रजी. नागपूरहून बी.एड. करून आलेली. पहिल्या दिवशी टाचांच्या चपला घालून, काळा चष्मा लावून, पर्समध्ये डिक्शनरी कोंबून सौंदडच्या स्टेशनावर उतरले आणि बैलबंडीत बसून गावात आले. शाळेसमोरच्या हौदावर एक बैल पाणी पीत होता. मला बघून तो पाणी प्यायचा थांबला. मला वाटलं, छाप पडली.

माझा धंदा काय होता ते बाहेरच्यांना थोडक्यात सांगते. इंग्रजी शिकवताना अवघड वाटतात ते मोठे शब्द, पण जीव खातात ते छोटे: इन, ऑन, ॲट, अंडर, बिहाइंड. आपली मराठी नावाच्या मागे शेपूट लावते. घर, घरात, घरावर, घरामागे. आधी घर दिसतं, मग काय असेल ते. इंग्रजी तोच छोटा शब्द सुटा करते आणि नावाच्या पुढे उभा करते. इन द हाउस. बिहाइंड द हाउस. आपला बैल मागून ओळखायचा, त्यांचा शिंगांवरून, एवढाच फरक. या शिंगवाल्या तुकड्यांना व्याकरणात लांबलचक नाव आहे, पण ते सांगून तुमच्या घासात खडा टाकत नाही. मी आपली त्यांना नुसते 'तुकडे' म्हणते.

हे तुकडे शिकवायला मी नागपूरहून एक तक्ता आणला होता. एक मांजर आणि एक डबा. मांजर डब्यात, मांजर डब्यावर, मांजर डब्याखाली. मोठ्या डौलात मी छडी लावून विचारलं, "व्हेअर इज द कॅट?"

मागून धनराज नावाचा एक पोट्टा उठला. "मॅडम, मांजर डब्यात काऊन बसन जी? तिले दुसरं काम नाई का?"

वर्ग हसला. मी त्याला अंगठे धरून उभं केलं. पण प्रश्न रास्त होता. त्या पोरांच्या घरी मांजर डब्यात बसत नव्हतं, आणि बसलंच असतं तर आईनं पाठीत लाटणं घातलं असतं.

म्हणून पुढच्या आठवड्यात वर्ग तलावावर नेला. आमच्या गावचा तलाव, तलाव बांधण्यात मुरलेल्या कोहळी समाजाच्या कुण्या पणज्या-खापरपणज्यांनी बांधलेला. मातीच्या बांधाची मोठी पाळ, पाळीवर झाडं, आत कमळं, पलीकडे गवत. मी पोरांना जागोजागी पाठवलं. एक पाळीवर, एक झाडाखाली, दोन कमळांपाशी, आणि धनराज पाण्यात. त्याला पाण्यात जा म्हणून सांगावंच लागलं नाही.

"व्हेअर इज धनराज?"

"इन द वॉटर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. हे माझ्या आयुष्यातलं पहिलं खरंखुरं उत्तर. आणि मी शहाणीनं काय करावं? तोंड वाकडं केलं.

"पूर्ण वाक्यात सांगा!"

मग ती पोरं बिचारी "धनराज... इज..." करत क्रियापद शोधायला लागली. वाक्य पूर्ण होईपर्यंत धनराज पाण्यातून बाहेर येऊन चड्डी पिळत उभा होता. म्हणजे व्याकरण बरोबर, बातमी खोटी. पण तेव्हाच्या मला बातमीशी कर्तव्य नव्हतं. टाचांच्या चपला चिखलात रुतल्या होत्या, त्या उपसत मी ओरडत होते, "पूर्ण वाक्यात! पूर्ण वाक्यात!" पुढे गावात माझं तेच नाव पडलं. रस्त्यानं जाताना पोरं कुजबुजायची, "चूप, पूर्णवाक्य येऊन राहिली."

त्याच वर्गात, पुढे बऱ्याच वर्षांनी, रेखा नावाची पोरगी आली. ती तोंड उघडायचीच नाही. विचारलं की हनुवटीनं दाखवायची. "बगळा कुठाय?" हनुवटी गवताकडे. "खंड्या कुठाय?" हनुवटी फांदीकडे. आणि दाखवायची ते अचूक. आम्हाला नुसतं गवत दिसायचं, हिला गवतातली अंडी दिसायची. एकदा मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "तोंडानं सांग."

ती अगदी हळू म्हणाली, "इन द ग्रास."

"पूर्ण वाक्यात सांग!"

झालं. गोगलगाय शंखात गेली. दहावी झाली, लग्न झालं, व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलाच्या गेटाजवळच्या गावात गेली, आणि मीही तिला विसरले.

मी याच गावात लग्न करून राहिले, त्यामुळे निवृत्तीनंतर कुठे जायचा प्रश्न नव्हता. पण मुलगा-सून बंगळूरला. तिकडे जाऊन महिनाभर राहिले आणि माझी बोलतीच बंद झाली. त्या घरात माझा सात वर्षांचा नातू, त्याची आई, त्याचा बाप, सगळे दिवसभर इंग्रजीत बोलायचे, आणि पूर्ण वाक्य कुणीच बोलायचं नाही!

"मम्मा कुठाय रे?" मी विचारावं.

"इन द शॉवर."

"फोन?"

"ऑन चार्ज."

"दूध कधी पिणार?"

"आफ्टर द मॅच."

"बाबा?"

"ऑन द वे." बंगळुरात 'ऑन द वे' म्हणजे माणूस अजून ऑफिसात बूट शोधतोय, हे मला नंतर कळलं.

सगळा संसार तुकड्यांवर चालला होता. ॲट वर्क, इन अ मीटिंग, इन अ हरी, ऑन सेल, अंडर वॉरंटी, फॉर फ्री, विदाउट शुगर. क्रियापद नावाचा प्राणी त्या घरात पाहुण्यासारखा कधीमधी यायचा. मी व्याकरणाची एवढी राखण केली, आणि ही माणसं कुंपणावरून उडी मारून रोज ये-जा करत होती. शेवटी न राहवून मी नातवाला म्हटलं, "बाळा, पूर्ण वाक्यात सांग."

त्यानं टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "फॉर व्हॉट, आज्जी?"

याला मी पस्तिशी-चाळिशीत अंगठे धरायला लावले असते. आता नुसतं हसू आलं. पण ते इंग्रजी काही माझं नव्हतं, ते शहराच्या नळातून आलेलं. माझी भूक माझ्या विहिरीच्या पाण्याची होती.

परत आल्यावर ओसरीवर शिकवणी सुरू केली. पहिलं गिऱ्हाईक गोंदियाचे एक राइस मिलवाले सेठ. त्यांना परप्रांतातल्या एका पार्टीशी फोनवर इंग्रजीत बोलायचं होतं. मी म्हटलं, आली वेळ! वाक्यांच्या नादी लागलेच नाही, सरळ तुकडे दिले: इन बॅग्ज, बाय ट्रक, ऑन फ्रायडे, विदाउट फेल. सेठ खूष. "मॅडमजी, ये तो बिना व्हर्ब के धंदा चल गया!" मी म्हटलं, फोन माझ्यासमोर लावा, मला ऐकायचंय. लावला. पलीकडून आवाज आला, "अरे भैया, नमस्ते, कैसे हो?" पार्टी निघाली भोपाळची. पुढची सगळी बोलणी हिंदीत. सेठ चहा पिऊन गेले, आणि मी ओसरीवर कपाळाला हात लावून बसले.

आणि मग मागच्या दिवाळीनंतर रेखा आली. ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. तिशी ओलांडलेली, हात रापलेले, डोळे मात्र तेच.

"ओळखलं का जी मॅडम?"

"रेखा! काऊन व, आज वाट चुकली?"

"वाट नाई चुकली जी. जंगलात गाईड घेऊन राहिले. बायाही घेतेत म्हणे. मीही नाव देलं." मग म्हणाली, "जंगल येते मले. इंग्रजी नाई येत. बाहेरचे पाहुणे येतेत नं जी, त्याह्यले हिंदी समजत नाई."

"शाळेत शिकवलं तेव्हा तोंड उघडलं नाहीस, आता कायले पाहिजे?"

मी थट्टेत म्हटलं, पण ती खाली बसली आणि सांगायला लागली. धान कापून झाला की दरसाल नवरा-बायको तेलंगणात मिरची तोडायला जायचे. लहान पोरगी सासूजवळ राहायची. "मांगच्या खेपेले वापस आलो मॅडम, तं पोरगी मले पाहून आत्याबाईच्या मांगं लपली. म्हणे, हे कोन आली व?" रेखा हसायला गेली, पण हसू झालं नाही. "या सालं नाई जाचं मले. गाईड झालो तं घरीच राहीन. आत्याबाई म्हणते, बाईमाणसानं जीपमंधी बसून फिराचं का? तरी हो म्हणाली. एकडाव पाहा म्हणाली. नाई जमलं तं मिरची आहेच."

आमच्याकडे बायाही 'आलो', 'गेलो', 'झालो' म्हणतात, आणि सासूला 'आत्याबाई', तेव्हा शुद्धलेखनवाल्यांनी इथे पेन्सिल काढू नये.

मी शिकवायला लागले. जंगलातल्या गाईडला इंग्रजी लागतं ते किती? जनावर दिसलं की ते कुठे आहे एवढं सांगायचं, आणि ते पळायच्या आत. 'देअर, देअर' करून भागत नाही. सगळं जंगलच 'देअर' असतं. त्याला लागतात तुकडे, एकाला एक जोडलेले, लांबून जवळ आणणारे. ऑन द लेफ्ट. बिहाइंड द बांबू. इन द शेड. पाहुण्याचा डोळा हाताला धरून नेल्यासारखा त्या जागी नेऊन ठेवायचा. आम्ही दोघी रोज सकाळी पाळीवर जाऊन बसायचो.

अडचण एकच आली, आणि ती आमच्या तलाववाल्या माणसांनाच येईल. आमच्याकडे वर आणि खाली हे पाण्यावरून ठरतं. पाणी येतं ती बाजू वरची, पाणी जातं त्या बांध्या खालच्या. रेखा पाळीखालच्या शेतातल्या गाईंकडे बघून म्हणाली, "बिलो द टँक." माझ्या डोळ्यांपुढे तलावाच्या बुडाशी रवंथ करणाऱ्या गाई आल्या. मी म्हटलं, "अगं, पाहुणे ऑक्सिजन लावून उतरतील पाण्यात!" मग ती आपली जागा सोडून पाहुण्यांच्या डोळ्यांनी बघायला शिकली. पण बोलायची ती हळू, मान खाली घालून, आणि दर तुकड्यानंतर माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, सवयीनं जाईल.

निवडीसाठी वनखात्याच्या साहेबांनी साधी युक्ती काढली होती. उमेदवारानं खऱ्या पाहुण्यांना जंगलात फिरवून आणायचं, आणि पाहुणे काय म्हणतात त्यावर ठरवायचं. रेखाच्या वाट्याला तमिळनाडूकडचं एक वयस्कर जोडपं आलं. दोघांना हिंदी येत नव्हतं. नवरा शांत, बायको उत्साही, गळ्यात दुर्बीण. मी गेटवर भल्या सकाळीच हजर होते. साहेबांना म्हटलं, मागची एखादी सीट रिकामी असेल तर म्हातारीला बसू द्या. ते भले माणूस, हो म्हणाले. मी जिप्सीत चढले, तेवढ्या उत्साहानं बोहल्यावरसुद्धा चढले नव्हते.

रेखा पुढे ड्रायव्हरशेजारी. गाडी आत शिरली. थोडं गेल्यावर तिची हनुवटी हलली. डावीकडे सांबर होतं. मला दिसलं नाही, पण हनुवटी खोटं बोलत नाही हे मला ठाऊक. रेखा उभी राहिली, मागे वळली, पाहुण्यांकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं, आणि सुरू केलं, "देअर... इज... अ... सांबर... स्टँडिंग..."

"व्हेअर? व्हेअर?" बाईंची दुर्बीण इकडून तिकडे.

"...इन... द..." पाला खसखसला. सांबर गेलं.

पुढे झाडाच्या ढोलीत घुबड होतं. पुन्हा तेच. वळली, माझ्याकडे बघितलं. "द आऊल... इज... सिटिंग..." घुबडानं हे अर्ध्यापर्यंत ऐकून घेतलं आणि ढोलीत आत सरकलं. बाईंनी दुर्बीण खाली ठेवली आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "इट्स ओके, माय डिअर." असलं ओके ऐकलं की परीक्षार्थी मेलाच म्हणून समजावं.

मी पुढे वाकून दबक्या आवाजात म्हटलं, "तुकडे सांग व, तुकडे!"

"जी मॅडम!" म्हणून रेखा ताडकन उभी राहिली. चालत्या गाडीत, हात बाजूला, मान खाली. नववीच्या वर्गात राहायची तशी. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून, नाहीतर फांदी लागली असती.

तेव्हा मला कळलं. रेखाला जंगल येत होतं, आता इंग्रजीही येत होतं. त्या गाडीत जास्त होते ती मी. मागच्या सीटवर मी बसले होते तोवर पुढच्या सीटवर बाई बसलेली नव्हती, पोरगी बसली होती. आणि ती पोरगी काय म्हणणार होती? जे मी वर्षानुवर्षं वदवून घेतलं तेच.

पुढे एका वळणावर वनरक्षकांची चौकी आहे. पाहुण्यांना तिथे पाय मोकळे करायला उतरू देतात. सगळे परत चढले तेव्हा मी कंबर धरून बाकावर बसकण मारली.

"माझी कंबर गेली गं बाई. मी काही आता हलत नाही."

रेखा घाबरली. "मॅडम, वापस जाऊ का जी?"

"जा व गुमान! कंबर माझी आहे, तुझी नाही. येताना मला घेऊन जा."

ड्रायव्हर म्हणाला, "इथंच बसजा आज्जी. कुठं फिरू नका." जसं काही मी वाघाला भेटायला जाणार होते.

गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसली, आवाज गेला. चौकीवरच्या वनरक्षकानं चहा दिला आणि आपल्या कामाला लागला. मी बाकावर बसून राहिले. कंबर ठणठणीत होती, दुखत होतं ते दुसरंच. इतकी वर्षं वाट बघितली, तिकिटाशिवाय सीट मिळाली, आणि ऐन वेळी आपणच उतरलो. झाडांच्या त्या बाजूला, हाकेच्या अंतरावर कुठेतरी, माझे शब्द चालले होते, आणि मी इथे टरफलासारखी. लांबून वानरं खकारली. म्हणजे तिकडे काहीतरी दिसलं होतं. मी कान टवकारले. इतकं मन लावून मी कुणाच्या बोलण्याकडे कधी कान दिला नव्हता. आमच्या ह्यांचं बोलणं तर मुळीच नाही; ते बिचारे वर गेल्यावर आता वाटतं, ऐकायला हवं होतं. ते असो. वानरं गप्प झाली. पानं पडत राहिली. मी वेड्यासारखी स्वतःशीच म्हणत बसले: ऑन द लेफ्ट. इन द शेड. बाय द वॉटर. काही नसलेल्या जनावराला जागा देत बसले.

गाडी परत आली तेव्हा बाईंचा चेहरा बघूनच मी उठून उभी राहिले. कंबरेचं नाटक विसरूनच गेले. बाई मला म्हणाल्या की तुम्ही केवढं गमावलंत! आणि मग रेखानं कसं सांगितलं ते त्यांनी मला करून दाखवलं. वाकल्या, बोट ओठांवर ठेवलं, आवाज खाली आणला.

"ऑन द राइट. नॉट इन द बांबू. बिहाइंड द बांबू. बाय द अँट-हिल. अ बेअर." मग डोळे मोठे करून, "विथ अ बेबी. ऑन हर बॅक!"

अस्वल होतं, पाठीवर पिल्लू घेतलेलं. नवऱ्याला डोळ्यांनी कमी दिसतं, पण त्यांनाही दिसलं. रेखानं एकेक तुकडा देत त्यांची नजर बांबूपासून वारुळापर्यंत आणि वारुळापासून त्या पिल्लापर्यंत नेली. ते गृहस्थ नुसते रेखाकडे बघून हात जोडून बसले होते.

मी ऐकलं, पण उष्टं ऐकलं. भाजी मी चिरली, फोडणी रेखानं दिली, जेवले पाहुणे, आणि मला वास आला. मी रेखाकडे वळून म्हटलं, "कसं म्हणालीस व? एकदा म्हण नं माझ्यासमोर."

तिनं मान खाली घातली. "मॅडम, तिथं अ बेअर... वॉज... सिटिंग..."

"जाऊ दे," म्हटलं. "बस गाडीत."

रेखा निवडली गेली. या वर्षी ती मिरचीला गेली नाही. खाकी शर्ट घालून सकाळी गेटवर जाते, संध्याकाळी घरी असते. पोरगी आता सासूच्या मागे लपत नाही. उलट सासूच सगळ्या गावाला सांगत फिरते की आमच्या सुनेपुढे वाघसुद्धा वाट सोडतो. पाहुणे रेखाचं नाव विचारत येतात. आणि माझ्याकडे आली की रेखा अजून ओसरीच्या खांबाला धरून उभी राहते आणि म्हणते, "गुड मॉर्निंग, मॅडम. आय ॲम गोइंग टू द फॉरेस्ट. आय विल कम बॅक इन द इव्हिनिंग." एकही चूक नाही. ऐकून मला रडू येतं.

"अगं, तिकडे बोलतेस तसं बोल की!"

"तुमच्यासमोर नाई निघत जी तोंडातून."

हिवाळ्यात आमच्या तलावावर लांबलांबचे पक्षी उतरतात. जंगलातून परतणाऱ्या गाड्या हल्ली ते दाखवायला पाळीवर थांबतात. हे कळल्यावर मी काय केलं असेल ते ओळखा. दोनदा शाल पांघरून, डोक्यावर पदर ओढून पाळीवरून गवत आणणाऱ्या बायांत मिसळून गेले. दोन्ही वेळा रेखानं लांबूनच ओळखलं आणि जागच्या जागी मुकी झाली. मग मागच्या आठवड्यात एका सकाळी, गाडी यायच्या आधीच, मी पाळीवरच्या मोहाच्या झाडामागे जाऊन उभी राहिले. या वयात, गुडघे दुखत असताना, मुंग्यांच्या रांगेत.

गाडी आली. दारं उघडली, चार-पाच माणसं उतरली. मी श्वास रोखला. आधी नुसता वारा, मग तिचा आवाज. खणखणीत, न अडखळता, हसरा. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"ऑन द फार साइड. अंडर द डेड ट्री. इन द ग्रास... यस. विथ अ फिश."

कुणीतरी "आह!" म्हणालं. मी झाडाच्या सालीला गाल लावून उभी होते. बगळा की ढोक, काय होतं मला माहीत नाही. मी त्या बाजूला बघतही नव्हते.

मग मी थोडी मान बाहेर काढली. सगळ्या दुर्बिणी माझ्याकडे वळलेल्या होत्या, आणि रेखाची हनुवटी थेट माझ्या दिशेनं.

"नाउ, ऑन द लेफ्ट," ती म्हणत होती, माझ्याकडे न बघता, पाहुण्यांकडे बघून. "बिहाइंड द मोहा ट्री. इन अ ग्रीन सारी. विदाउट स्लिपर्स. माय टीचर."

एका पाहुण्यानं हसत विचारलं, "इज शी डेंजरस?"

"ओन्ली इन क्लास," रेखा म्हणाली.

मी हलले नाही. दिसलेलं जनावर हललं की जंगलात माणसं बोलायची थांबतात, आणि मला अजून ऐकायचं होतं.